जुन्या फोर-बाय-फोरचा वॉशर: पंप नवा, पाणी उशिरा

मालकांनी पुढची काच धुणाऱ्या वॉशरची तक्रार एका दमात सांगितली. "पंप नवाकोरा आहे, आवाजही दणदणीत करतो. पण काचेवर पाणी पोचेपर्यंत वायपरनं चिखल फासून ठेवलेला असतो." पुढच्या गाडीचं चाक डबक्यात गेलं आणि काचेवर चिखलाचा सपकारा बसला की पुढचे काही सेकंद त्यांना समोरचं धड दिसत नसे. इलाजही त्यांनी आधीच ठरवलेला होता: याहून मोठा पंप.

नीट ऐकलं तर निम्मं निदान या तक्रारीतच होतं. पाणी कमी येतं असं ते म्हणत नव्हते, उशिरा येतं म्हणत होते. पाणी कमी येत असेल तर पंपाकडे, वायरिंगकडे आणि नोझलकडे बघायचं. उशिरा येत असेल तर बटण सोडल्यावर नळीतलं पाणी कुठे जातं ते आधी शोधायचं. या गाडीत दोन्ही दोष होते, पण डोळ्यांवर अंधारी आणणारा दोष दुसरा होता. त्याला पंपाच्या ताकदीनं फरक पडणार नव्हता.

गाडी आणि तिच्यावर झालेले उपचार

गाडी चाळिशी ओलांडलेली, शिडीच्या चासीवरची. पुढची काच सपाट, जवळपास उभी, मधल्या पट्टीनं दोन भागांत विभागलेली. दोन वायपर, प्रत्येकाला आपापली छोटी मोटर. मूळ वॉशर अगदी साधा होता: डॅशबोर्डवर दट्ट्याचा हातपंप, बॉनेटखाली लिटरभराची बाटली, बाटलीच्या झाकणातून तळापर्यंत सोडलेली नळी, आणि काचेच्या पायथ्याशी दोन पितळी जेट, प्रत्येकाला एकच छिद्र. बुडवलेल्या नळीच्या टोकाला जाळी आणि तिच्या आत एक बारीक गोळीची झडप. झडप छोटी असली तरी पुढची सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते.

हातपंपाला नावं ठेवायची पद्धत आहे. मला तो आवडतो. दट्ट्या बाहेर येताना स्वतःच पाणी ओढतो, बॅटरी लागत नाही, आणि एका दाबात किती पाणी जाणार हे हाताला कळतं. अडचण एकच: एक हात स्टिअरिंगवरून काढावा लागतो. डांबरी रस्त्यावर ते चालतं. खडकांतून चढताना नेमका तोच हात हवा असतो, म्हणून मालकांनी इलेक्ट्रिक पंप घेतला हे बरोबरच होतं.

फक्त तो बसवताना जुन्याच्या जागी नवा असा सरळ बदल झाला होता. दट्ट्या काढला, त्याच्या दोन नळ्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, स्क्रूनं लावलेल्या नव्या पंपाला जोडल्या, बाटली आणि झाकण तेच ठेवलं. नवा पंप आजकालच्या गाड्यांत येतो तसा सेंट्रिफ्यूगल होता. आत छोटा पंखा फिरतो आणि पाणी बाहेर फेकतो. हा पंप बाटलीच्या तळाशी, ग्रोमेटमध्ये, म्हणजे भोकात बसणाऱ्या रबरी कड्यात, खोचून बसवण्यासाठी बनवलेला असतो, कारण त्याला पाणी आपोआप मिळावं लागतं. कोरडा पंखा हवा ढवळत बसतो, पाणी वर ओढत नाही. इथे पंप पाण्याच्या पातळीच्या वीतभर वर होता.

मग पाणी यायचं तरी कसं? नळीत आणि पंपात थोडं पाणी शिल्लक असेल तर काम भागायचं. पण बुडवलेल्या नळीच्या टोकाची झडप माती आणि शेवाळानं अर्धवट उघडी अडकली होती. बटण सोडलं की सगळी नळी हळूहळू बाटलीत रिकामी व्हायची. विहिरीवरच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की जे होतं, नेमकं तेच. फरक इतकाच की मोटरला आपण बसून पाणी पाजतो, इथे ते काम चालत्या गाडीत बटण दाबून दाबून चाललं होतं.

मोजमाप

कशालाही हात लावण्याआधी वायपरची रबरं बदलली. जुन्या रबरांची कड गोल झाली होती आणि ती एका बाजूला वाकून कडक झाली होती. खराब रबर लावून वॉशरची परीक्षा घेता येत नाही. रेघ राहिली तर ती पाण्याअभावी राहिली की रबरामुळे, हे सांगताच येत नाही.

त्यानंतर मोबाईलवर व्हिडिओ घेतला. पंप सुरू झाल्याचा आवाज आणि काचेवरचा पहिला थेंब यांत दोन ते तीन सेकंदांचं अंतर होतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या दाबाला कधीकधी काहीच येत नसे. वायपरचा वेग धरला मिनिटाला ४५ फेऱ्यांचा, तर एक पूर्ण जा-ये सव्वा ते दीड सेकंदात होते. म्हणजे पाणी पोचेपर्यंत रबर कोरड्या चिखलावरून तीन-चार वेळा फिरून जाणार. नुसतं दिसत नाही एवढ्यावर हे थांबत नाही. वाळूतला क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोह्स मापावर ७, काच साधारण साडेपाच. कोरडी वाळू रबराखाली घासली गेली की काचेवर कमानीच्या बारीक रेघा उमटतात, आणि रात्री समोरून दिवे आले की त्या रेघा पेटल्यासारख्या दिसतात. या गाडीच्या चालकाच्या बाजूला अशा रेघा होत्याच. त्या आता जाणार नाहीत.

पुढची पायरी मोजपात्राची. दोन्ही जेटवरून नळ्या काढून त्यांची टोकं एका मापाच्या भांड्यात सोडली आणि दहा सेकंद पंप चालवला. नळी भरलेली असताना, म्हणजे सगळ्यात चांगल्या वेळी, ९० मिलिलिटरच्या आसपास पाणी आलं. सेकंदाला ९. अशा पंपाकडून, मोकळ्या तोंडाला, याच्या दुप्पट तरी अपेक्षित असतं.

मल्टिमीटर मात्र बहुतेक जण चुकीच्या वेळी लावतात. पंपाची जोडणी काढून बटण दाबलं की वायरींच्या टोकांवर १२.५ व्होल्ट दिसतात आणि माणूस समाधानानं मीटर बाजूला ठेवतो. प्रवाह वाहत नसेल तर गंजलेला सांधाही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पंप पाण्यासह चालू ठेवून मोजलं तेव्हा टर्मिनलवर ९.६ व्होल्ट होते. उरलेले २.९ कुठे गेले ते शोधायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं पंपाच्या अर्थ (निगेटिव्ह) टर्मिनलवर धरलं: १.९ व्होल्ट. पंपाची अर्थ वायर मडगार्डच्या रंगवलेल्या पत्र्यावरच्या एका बोल्टला होती, आणि बोल्टच्या चकतीखाली रंगाचा थर तसाच होता. राहिलेला एक व्होल्ट डॅशबोर्डवरच्या जुन्या बटणाच्या जळक्या संपर्कांत खर्च होत होता.

तीन व्होल्ट ऐकायला कमी वाटतात. पण अशा पंपाचा वेग ढोबळमानानं व्होल्टेजच्या प्रमाणात असतो आणि सेंट्रिफ्यूगल पंपाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. ९.६ भागिले १२.५, आणि त्याचा वर्ग: ०.५९. नळीत पाणी शिरायच्या आधीच चाळीस टक्के दाब एका बोल्टाखाली आणि एका बटणात संपत होता. मोठा पंप लावला असता तर त्यानं जास्त प्रवाह मागितला असता, त्याच सांध्यांवर व्होल्टेज आणखी पडलं असतं, आणि मालकांच्या हाती जेमतेम तेवढंच पाणी लागलं असतं.

शेवटचा दोष अनपेक्षित होता. पंप सलग चालवत ठेवला तर सात-आठ सेकंदांनी धार बारीक व्हायची. बाटलीकडे बघितलं तर तिच्या दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या होत्या, गालफडं बसल्यासारख्या. झाकण जरासं सैल केलं, फुस्स करून हवा आत गेली, बाजू टपकन बाहेर आल्या आणि धार पूर्ववत झाली. झाकणातलं हवेचं छिद्र चिखलानं लिंपलेलं होतं. पाणी बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. खराब रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीत हे छिद्र हमखास बुजतं, आणि टाचणीनं ते मोकळं केलं तरी पुढच्या चिखलात परत बुजतं.

बाटली आणि पंपाची जागा

नवी बाटली निवडताना किती लिटर हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ती किती उंच आणि किती रुंद हा, कारण ही गाडी सपाटीवर कमी आणि उतारावर जास्त असते. वीस सेंटिमीटर रुंदीची बाटली तीस अंशांत कलली तर एका कडेची पातळी दुसरीपेक्षा साडेअकरा सेंटिमीटरनं वर जाते. बुटकी, पसरट बाटली अर्धी भरलेली असली तरी अशा कलात पंपाचं तोंड उघडं पडतं. उंच, अरुंद आणि तळाशी खोलगट खळगा असलेली बाटली घेतली, खळग्यात पंप. गाडीचा कल पुढे-मागे जास्त वेळ असतो, त्यामुळे बाटलीची अरुंद बाजू गाडीच्या लांबीच्या दिशेला ठेवली.

क्षमता तीन लिटर. युरोपीय आर्थिक समुदायाच्या (ईईसी) ७८/३१८ क्रमांकाच्या वायपर-वॉशर निर्देशानं किमान एक लिटरची टाकी सांगितली होती. साध्या रस्त्यावर तेवढी पुरतेही. पण सेकंदाला २० मिलिलिटर धरले आणि एका धुण्याला तीन सेकंद, तर लिटरभरात सोळा धुणी होतात. चिखलाच्या वाटेवर सोळा धुणी दुपारपर्यंतही टिकत नाहीत. तीन लिटरमध्ये पन्नास होतात आणि वजन वाढतं दोनच किलो. त्याहून मोठ्या टाक्याही मिळतात, पण बॉनेटखाली पाच किलो पाणी हादऱ्यांत धरून ठेवायला ब्रॅकेटही तसंच लागतं, आणि ब्रॅकेटला तडा जाणं हा जुन्या गाडीतला नेहमीचा आजार आहे.

जागा ठरवताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनचा गरम धूर गोळा करणाऱ्या नळीपासून, लांब आणि बॅटरीच्या वर नाही, एवढं पाळलं. पाण्याची पातळी नोझलच्या खाली राहील हेही पाहिलं. बाटली नोझलपेक्षा वर असेल तर बटण न दाबताही पाणी झिरपत राहतं, आणि सकाळी बाटली रिकामी.

झाकणाचं छिद्र कायमचं बंद केलं. त्याऐवजी झाकणात एक छोटं निपल (नळी चढवायचं तोंड) बसवलं आणि त्यावरून हवेची नळी फायरवॉलच्या वरच्या कडेपर्यंत नेऊन टोक खाली वळवून बांधलं. पाण्यातून गाडी काढताना बॉनेटखाली गढूळ पाणी खेळतं, तेही आता बाटलीत शिरत नाही.

ग्रोमेटबद्दल एक बारीक गोष्ट. तो बसवताना नुसत्या पाण्यानं ओला करायचा. ग्रीस किंवा इंजिन ऑईल लावलं की पंप सुळकन आत जातो खरा, पण हे रबर बहुतेक वेळा ईपीडीएम असतं आणि खनिज तेलानं ते फुगतं. काही आठवड्यांनी तिथूनच ठिबक सुरू होते, आणि दोष ग्रोमेटवर येतो.

नळी, झडप आणि वायर

मूळ नळी आतून तीन मिलिमीटरची, पारदर्शक पीव्हीसी. इंजिनच्या उष्णतेनं ती काचेसारखी कडक झाली होती आणि आत हिरवट थर होता, कारण पारदर्शक नळीत उजेड जातो आणि शेवाळ धरतं. तिच्या जागी आतून चार मिलिमीटरची काळी ईपीडीएम नळी घेतली. एक मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण हिशेब वेगळं सांगतो. सव्वादोन मीटर लांबीच्या नळीतून सेकंदाला १५ मिलिलिटर न्यायचे असतील तर तीन मिलिमीटरच्या नळीत साधारण ०.६ बार दाब घर्षणात जातो, चार मिलिमीटरच्या नळीत ०.१५ बार. अशा पंपाचा एकूण दाबच दीड-दोन बार असतो. पाच किंवा सहा मिलिमीटर घ्यायचा मोह होतो, पण उरलेलं घर्षण आधीच थोडं असल्यामुळे फायदा जवळपास संपलेला असतो, आणि रिकामी झाल्यास जाड नळी भरायला वेळही जास्त लागतो.

रिकामी होऊ नये हाच खरा मुद्दा. चार मिलिमीटरच्या सव्वादोन मीटर नळीत २८ मिलिलिटर पाणी मावतं. म्हणजे नळी रिकामी असेल तर उत्तम पंपालाही ती भरायला दीड सेकंद हवा, आणि तोपर्यंत वायपर एक चक्कर मारून आलेला असतो. म्हणून या कामातला सगळ्यात स्वस्त भाग मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो: नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप. तो पंपाजवळ लावण्यापेक्षा नोझलच्या जवळ लावलेला बरा. आणि नळीचे दोन फाटे करणाऱ्या टी-सांध्याच्या आधी एकच लावण्याऐवजी दोन्ही फाट्यांत एकेक लावले. टी-च्या पुढे व्हॉल्व्ह नसेल आणि गाडी आडवी कलली, तर वरच्या नोझलमधून हवा शिरते आणि खालच्या नोझलमधून पाणी गळून जातं. सपाटीवर हे कधी दिसत नाही. तिरक्या कडेवरून जाणाऱ्या गाडीत दर वेळी दिसतं. व्हॉल्व्हवर बाणाची खूण असते, ती नोझलकडे. जोडण्याआधी फुंकून बघायची बऱ्याच जणांना सवय असते. व्हॉल्व्ह कोरा असेल तर ठीक, वापरलेला असेल तर अजिबात नको, कारण काच धुण्याच्या काही द्रवांत मिथेनॉल असतं आणि ते विषारी आहे.

नळीची टोकं गरम पाण्यात बुडवून मऊ केली आणि निपलवर चढवली. बॉनेटच्या बिजागरीपाशी नळीला सैल वळसा ठेवला. तिथे ती ताणली गेली तर बॉनेट उघडताना निसटते आणि बंद करताना चिमटते.

वायरिंगचं काम थोडक्यात झालं. जुनं बटण ठेवलं, कारण मालकांना डॅशबोर्डचं रूप बदलायचं नव्हतं. पण आता ते फक्त रिले, म्हणजे थोड्या प्रवाहानं चालणारा मोठ्या प्रवाहाचा स्विच, ओढतं. पंपाचा प्रवाह इग्निशननंतर सुरू होणाऱ्या लाइनवरून साडेसात अँपिअरच्या फ्यूजमधून, दीड चौरस मिलिमीटर वायरनं येतो. अर्थची वायर पत्र्यावर न सोडता बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली. पंप तीन-चार अँपिअरच घेतो. फ्यूज त्याहून मोठा घातला तर पंप अडकल्यावर तो उडणार नाही, मोटर तापत राहील.

दोन गोष्टी जुन्या गाडीत तपासाव्याच लागतात. एक, गाडी किती व्होल्टची आहे. लष्करी वापरातून आलेल्या बऱ्याच गाड्या २४ व्होल्टच्या असतात आणि त्यांत १२ व्होल्टचा पंप लावला तर तो थोड्याच वेळात जळतो. दुसरं, अर्थ कोणत्या बाजूचा आहे. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह चासीला असे. सेंट्रिफ्यूगल पंप उलटा जोडला तरी फिरतो, आवाजही करतो, पण दाब नीट देत नाही. आणि ज्या पंपाला पुढची व मागची काच अशी दोन तोंडं असतात, त्यात तर दिशा उलटली की पाणी दुसऱ्याच तोंडातून जातं. युरोपीय पद्धतीचा स्विच असेल तर वॉशर पंपाच्या टर्मिनलवर ५३सी असा आकडा सापडतो, तो दिसला की निम्मी शोधाशोध वाचते. या गाडीत असं काही नव्हतं. वायरींचे रंगही उडालेले होते.

नोझल: इथे सगळ्यात जास्त वेळ गेला

पाणी आता लगेच येत होतं, जोरातही येत होतं, आणि तरीही काच नीट ओली होत नव्हती. उभ्या काचेची ही खास अडचण आहे. मूळ जेट काचेच्या पायथ्यापासून जेमतेम आठ-दहा सेंटिमीटर पुढे होते. तिथून काचेच्या मध्यावर पाणी मारायचं तर धार जवळपास सरळ वर सोडावी लागते. ती काचेला अगदी तिरकी घासून जाते, दाब वाढवला की टपावरून मागे जाते आणि दाब कमी असला की पायथ्याशीच पडते. तिरक्या, उतरत्या काचेच्या आधुनिक गाडीत नोझल जरा चुकीच्या कोनात असला तरी पाणी कुठेतरी काचेवरच पडतं. इथे ती सोय नाही.

त्यात वारा. नोझलपाशी एक बार दाब असेल तर धार फार तर सेकंदाला १४ मीटर वेगानं, म्हणजे ताशी ५० किलोमीटरनं सुटते. गाडीच ताशी ६० वर असेल तर समोरचा वारा धारेपेक्षा वेगवान. धार मागे वाकते, ठरलेल्या जागेच्या बरीच खाली काचेला लागते. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर अचूक लावलेला जेट रस्त्यावर चुकतो तो यामुळेच.

तीन पर्याय समोर होते. वायपरच्या दांड्यांवरच जेट बसवणं कागदावर सगळ्यात उत्तम: पाणी पात्याच्या अगदी पुढ्यात पडतं आणि वाऱ्याला वावच मिळत नाही. पण दांडीबरोबर हलणारी नळी झाडाझुडपांतून जाणाऱ्या गाडीत किती टिकेल? एक काटेरी फांदी पुरे. तो पर्याय बाद केला. त्याच जागी दोन छिद्रांचे जेट लावले तर कोनाची मूळ अडचण तशीच राहणार. उरला तिसरा: जेट बॉनेटवर पुढे आणायचे आणि एकछिद्री जेटऐवजी पंख्यासारखा पसरणारा फ्लुइडिक नोझल वापरायचा.

फ्लुइडिक नोझलमध्ये हलणारा एकही भाग नसतो. आतल्या पोकळीचा आकारच असा असतो की धार एका बाजूला चिकटते, तिचाच काही भाग मागे वळून तिला दुसऱ्या बाजूला ढकलतो, आणि हे इतक्या झपाट्यानं होतं की बाहेर आपल्याला थेंबांचा पंखा दिसतो. पसरट ओल मिळते आणि पाणी एका ठिपक्यावर वाया जात नाही. काचेपासून पस्तीस-चाळीस सेंटिमीटरवर ठेवल्यावर चाळीस अंशांचा पंखा काचेवर तीसेक सेंटिमीटर रुंद पट्टा भिजवतो, म्हणजे एका वायपरच्या कामाची बहुतेक जागा.

बॉनेटमध्ये भोकं पाडायला मालक तयार नव्हते. "अहो, मूळ पत्रा आहे हो, एकही भोक नाही त्याला," असं म्हणून त्यांनी बॉनेटवर हातच ठेवला. मलाही ते पटलं. बॉनेटच्या बाजूच्या जाळीत आधीच असलेल्या दोन स्क्रूंचा आधार घेऊन पातळ पट्टीचे ब्रॅकेट केले आणि नोझल त्यावर बसवले. ते बॉनेटपासून अंगठ्याएवढेही वर येत नाहीत. काच पुढे दुमडली तर तिची चौकट त्यांना लागत नाही, हे आधी पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून बघून घेतलं.

कोन लावताना चालकाच्या बाजूचा पंखा उभ्या गाडीत मुद्दाम वर, काचेच्या दोन तृतीयांश उंचीवर लावला, मग रस्त्यावर शेजारी एकाला बसवून बघितलं. वेग वाढला की पट्टा खाली सरकून बरोबर नजरेसमोर येतो. त्याच युरोपीय निर्देशात वॉशरची कसोटी चालकाच्या नजरेसमोरच्या मुख्य भागावरच ठेवलेली होती: त्यातला किमान साठ टक्के भाग साफ झाला पाहिजे. अख्खी काच चकचकीत व्हावी हा हट्ट धरला की दोन्ही नोझल मध्यममार्गी कोनात लागतात आणि चालकाच्या समोरच अर्धवट ओल राहते. मी चालकाची बाजू आधी लावतो, दुसरी बाजू उरलेल्या पाण्यात.

धुणं आणि वायपर आपोआप एकत्र चालवणारा रिले लावता आला असता. या गाडीत दोन स्वतंत्र मोटरी, त्यांतली एक स्वतःहून जागेवर येऊन थांबत नाही, त्यामुळे तो खटाटोप टाळला. पण खरं कारण वेगळं आहे. घट्ट चिखलावर आधी पाणी मारून क्षणभर थांबायचं, माती सैल झाली की मग वायपर. हे हातानं जितकं नीट होतं तितकं रिलेनं होत नाही.

पाणी

नुसतं नळाचं पाणी घालणं वाईट, यावर वाद नको. क्षारयुक्त पाणी नोझलच्या तोंडाशी सुकतं आणि पांढरा चुना धरतो. शिवाय साध्या पाण्याच्या कोमट, साचलेल्या टाकीत लिजिओनेला जिवाणू वाढू शकतो. ब्रिटनमध्ये २०१०च्या सुमारास आरोग्य यंत्रणेच्या अभ्यासकांनी बराच वेळ गाडी चालवणाऱ्यांच्या आजाराशी याचा संबंध दाखवला होता, आणि काच धुण्याचं द्रव मिसळलं की धोका कमी होतो असंही. भांडी घासायचा साबण घालणारे भेटतात. त्याचा फेस होतो, काचेवर पडदा राहतो आणि ऊन तिरकं आलं की समोर धुकं दिसतं. क्षाररहित पाणी आणि त्यात मापानं काच धुण्याचं द्रव, एवढं पुरतं. थंड प्रदेशात अल्कोहोल असलेलं द्रव लागतं, नाहीतर पाणी गोठून पंपाचं प्लास्टिक तडकतं.

काम झाल्यावरचे आकडे

पंप चालू असताना टर्मिनलवर १२ व्होल्ट. नोझलवरून नळ्या काढून दहा सेकंदांत १७० मिलिलिटरच्या आसपास. बटणापासून पाण्यापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत, गाडी रात्रभर उभी असली तरी. आणि पंप तोच, मालकांनी आधी घेतलेला. फक्त तो फायरवॉलवरून काढून बाटलीच्या तळाशी बसवला. मोठ्या पंपाचे पैसे वाचले हे त्यांना पटायला थोडा वेळ लागला, कारण आवाज आता पूर्वीपेक्षा कमी येतो. पाण्यानं भरलेला पंप कोरड्या पंपाएवढा ओरडत नाही.

पंपच नसलेली वॉशर व्यवस्थाही जगात होती, हे इथे सांगायला हरकत नाही. फोक्सवॅगन बीटलमध्ये कित्येक वर्षं वॉशरचं पाणी स्टेपनीच्या हवेच्या दाबानं उडायचं, आणि दाब ठरावीक मर्यादेखाली उतरला की झडप बंद व्हायची, म्हणजे स्टेपनी कामाची राहावी. मोटर नाही, वायर नाही, अर्थचा बोल्ट नाही.

काही गोष्टी अपुऱ्या राहिल्या. पुढच्या काचेच्या चालकाशेजारच्या भागाचा वरचा कोपरा वेगात कोरडाच राहतो. फ्लुइडिक नोझलमध्ये टाचणी घालायची नाही, आतला आकार बिघडतो. तो काढून उलट्या दिशेनं पाणी मारून साफ करावा लागतो, आणि ब्रॅकेटवरून काढायला पाना लागतो. चिखलात अडकलेल्या गाडीजवळ हे गैरसोयीचं आहे, म्हणून एक जास्तीचा नोझल आणि एक व्हॉल्व्ह हत्यारांच्या पेटीत ठेवायला दिला.

आता मालकांना याच पंपावरून मागच्या काचेलाही पाणी हवं आहे. नळी मागेपर्यंत नेली तर लांबी दुपटीच्या पुढे जाते, टीमधून फाटा काढला तर पुढचा दाब कमी होतो, आणि दोन तोंडांच्या पंपाला दिशा उलटवणारा वेगळा स्विच लागतो. मागे वेगळी छोटी बाटली आणि वेगळा पंप बसवायचं ठरलं आहे. जागा मागच्या चाकाच्या कमानीआड, एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला.